दोन खुर्च्या आणि एक मांजर

नीलकंठ पिंपळखुटे याला एका जागी स्वस्थ बसणं जन्मात जमलं नाही, आणि पोटासाठी त्याला जे काम मिळालं ते नेमकं एका जागी बसायचं. जबलपूरच्या एका संरक्षण फॅक्टरीत, ड्रॉइंग ऑफिसमध्ये तो ट्रेसर होता. साहेब लोकांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंगच्या पारदर्शक कापडावर शाईनं जसाच्या तसा उतरवायचा, एवढंच त्याचं काम. कधी एखादा दांडा, कधी दातेरी चाक, कधी नुसती एकात एक तीन वर्तुळं. हा भाग कशाचा, तो पुढे कुठे जाऊन बसतो, हे कुणी सांगत नसे आणि विचारायचंही नसे. नीलकंठची रेघ केसासारखी बारीक यायची. हात दगडासारखा स्थिर. टेबलाखाली मात्र पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा सारखा हलत राही. "वरचा नीलकंठ सरकारचा, खालचा त्याचा स्वतःचा," असं शेजारच्या टेबलावरचा हेमचंद्र म्हणायचा.

वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. दीक्षितपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढे ओसरी. घरात बायको वसुधा, सात वर्षांची शकु आणि वडील. वडिलांना सगळी गल्ली बापूसाहेब म्हणे, म्हणून घरातलेही बापूसाहेबच म्हणत. ते रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले तरी अंगातली शिट्टी आणि हिरवी झेंडी काही गेली नव्हती. चहा दोन मिनिटं उशिरा आला तर ते काही बोलत नसत, फक्त खिशातलं घड्याळ काढून बघत.

ओसरीवर वेताच्या दोन खुर्च्या होत्या. एक बापूसाहेबांची. दुसरी नीलकंठच्या आईची, अंजनीबाईंची. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, पण त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही हा घरातला न बोललेला कायदा होता. बापूसाहेब रोज सकाळी वाचून झालेला पेपर घडी करून तिच्यावर ठेवत. पाहुणा आला तर त्याच्यासाठी आतून स्टूल यायचं. गल्लीतली एक करडी मांजर तेवढी हा कायदा मानत नसे. दिवसातून चार वेळा ती पेपरावर येऊन बसायची आणि चार वेळा बापूसाहेब काठी आपटायचे.

सत्तर सालच्या जानेवारीत फॅक्टरीच्या क्लबात मुलांसाठी सिनेमा लागला. कुठल्याशा परदेशी वकिलातीकडून आलेली रिळं. शकुला घेऊन नीलकंठ गेला तो नाइलाजानंच. पुढे सतरंजीवर मुलं आणि मागे बाकांवर आईबाप, घरी जायच्या घाईत. माहितीपटाचं एक रीळ संपलं, निम्मी मुलं पेंगली, आणि मग एक कार्टून सुरू झालं. त्यात एक बकरी होती. तिला आकाशातला ढग म्हणजे गवताचा भारा वाटतो आणि ती तो खायला डोंगर चढत जाते. एवढंच. कुणी बोलत नाही, नुसता बाजा वाजतो.

मुलं खिदळायला लागली. नीलकंठनं सहज मागे वळून पाहिलं. घणानं लोखंड ठोकणारे फोर्ज शॉपमधले दणकट मिस्त्री, हिशेबखात्यातले चष्मेवाले बाबू, जरीच्या काठाची साडी नेसलेल्या त्यांच्या बायका, सगळे तोंड उघडं ठेवून हसत होते. मग बकरी डोंगराच्या टोकाला पोचते आणि ढग पुढे निघून जातो. ती खाली बसते. मुलं तिथंही हसली. मोठी माणसं हसली नाहीत. कुणीतरी बाईनं नाक ओढलं. एकच बकरी, पण पुढच्या सतरंजीवर एक दिसत होती आणि मागच्या बाकावर दुसरीच.

घरी येताना शकु सायकलच्या दांडीवर बसून बडबडत होती. नीलकंठच्या कानात काही शिरत नव्हतं. तो दांडा, ते चाक, ती वर्तुळं इतकी वर्षं आपण काढली, आणि त्यातलं एकही कधी हललं नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

दुसऱ्याच दिवशी तो क्लबच्या ऑपरेटरला, विष्णूला, जाऊन भेटला. विष्णू बनारसकडचा, प्रोजेक्टरला बायकोपेक्षा जास्त जपणारा. त्यानं रिळाचा तुकडा उजेडात धरून दाखवला. बोटाच्या नखाएवढे चौकोन, आणि प्रत्येकात बकरी, आधीच्यापेक्षा सुताभर वेगळी.

"एक सेकंद में चौबीस," विष्णू म्हणाला. "आवाज न हो तो सोला में भी काम चल जाता है."

"और कॅमेरा?"

"कॅमेरा अपने पास कहाँ, भैया! यह तो बंबई का काम है."

नीलकंठ तुकड्याकडे बघत राहिला. "नखाएवढी जागा पुरे आहे," तो स्वतःशीच मराठीत पुटपुटला. "कॅमेरा कशाला पाहिजे? सरळ ह्याच्यावरच काढतो."

विष्णूनं त्याला वेड्यात काढलं, पण अडगळीतलं एक खराब झालेलं रीळ दिलं.

त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षं त्या घरानं कशी काढली ते वसुधालाच ठाऊक. नीलकंठनं फिल्म सोड्याच्या गरम पाण्यात भिजवली, चित्रं घासून काढली, पट्टी काचेसारखी स्वच्छ केली. शाई लावली तर ती थेंब होऊन घरंगळली. महिनाभर त्यानं नाना उपाय केले. शेवटी ऑफिसातलीच रीत उपयोगी पडली. ट्रेसिंग कापडावर शाई धरावी म्हणून खडूची भुकटी चोळतात, ती त्यानं फिल्मवर चोळली आणि रेघ बसली. त्या दिवशी तो अंगणात अक्षरशः उडी मारून आला.

पहाटे उजाडलं की तो भिंग डोळ्याला लावून खिडकीशी बसायचा आणि फॅक्टरीचा भोंगा व्हायच्या आत आठ-दहा चौकोन काढायचा. चुकलं की अख्खी वीतभर पट्टी पुसायची. जेवताना त्याची बोटं ताटाच्या कडेवर काहीतरी मोजत असत. चालणाऱ्या माणसाच्या मागे तो गल्लीभर जायचा, त्याचा गुडघा कसा वाकतो ते बघायला. एकदा सराफ्यात एका लंगड्या गृहस्थानं त्याला हटकलंच. वजन घटलं, डोळे लाल झाले.

"अहो, काहून असं करून राहिले तुम्ही?" वसुधा एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली. "पोरीशी दोन शब्द बोलत नाही. कशासाठी हे?"

"माहीत नाही," नीलकंठ म्हणाला, आणि ते खरं होतं. "पण सोडलं तर मी मरून जाईन, वसू."

काय काढतोय ते मात्र त्यानं कुणाला दाखवलं नाही, वडिलांना तर नाहीच. बापूसाहेबांना वाटे, मुलगा कसली तरी खात्याची परीक्षा देतोय. त्यांना दाखवणार कसं, पट्टीवर होते ते बापूसाहेबच. ओसरी, दोन खुर्च्या, टोपीवाला एक म्हातारा आणि एक मांजर. मांजर रिकाम्या खुर्चीवर चढते, म्हातारा हाकलतो. ती खुर्चीखालून येते, पाठीवरून येते, शेवटी म्हाताऱ्याच्याच टोपीत शिरून येते. म्हातारा स्वतःच्या खुर्चीवरून उठतो, काठी उगारतो, पडतो, पुन्हा उठतो, पण दुसऱ्या खुर्चीला काही हात लावू देत नाही. दीड मिनिटाचा खेळ, चौदाशे चाळीस चित्रं. एकाहत्तरचा डिसेंबर उजाडला तेव्हा बाराशे झाली होती. शेवट राहिला होता. शेवटी काय होतं, ते नीलकंठला सुचत नव्हतं.

आणि लढाई सुरू झाली.

फॅक्टरीत बारा बारा तासांच्या पाळ्या लागल्या. सकाळी सातला आत, संध्याकाळी सातला बाहेर. शहरात ब्लॅकआउट. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, सायकलच्या दिव्यालाही अर्धी काळी पट्टी. दीक्षितपुऱ्यात कुणाच्या फटीतून उजेड दिसला तर गल्लीतली पोरं ओरडत. नीलकंठला दिवसाचा उजेडच उरला नाही. पहाट अंधारात जायची आणि संध्याकाळही. ड्रॉइंग ऑफिसात नकाशांचे ढीग येत होते. हात चालत होता, पण टेबलाखाली आता दोन्ही पाय हलत होते. चार दिवसांत त्याची अशी अवस्था झाली की आयुष्यात पहिल्यांदा त्याची रेघ वाकडी गेली.

पाचव्या दिवशी त्यानं अविचार केला. ड्रॉइंग ऑफिसात खालून दिवा असलेलं काचेचं टेबल होतं. जेवणाच्या अर्ध्या तासात तिथं वीस चौकोन सहज झाले असते. त्यानं दोन हात लांबीची पट्टी गुंडाळून डब्याच्या वरच्या खणात, पोळ्यांच्या फडक्याखाली ठेवली.

फाटकावर त्या दिवशी डबेही उघडून बघत होते.

लढाईचे दिवस, शस्त्रांची फॅक्टरी, आणि नकाशे काढणाऱ्या माणसाच्या डब्यात लपवलेली फिल्म. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. दोन शिपायांनी दोन दंड धरले आणि त्याला सुरक्षा अधिकाऱ्यांच्या खोलीत नेलं. मागे रांगेत उभा असलेला हेमचंद्र चटकन दुसरीकडे बघू लागला.

सुरक्षा अधिकारी फौजेतून आलेले, उंच, तोडून बोलणारे. त्यांनी पट्टी खिडकीशी धरली.

"यह क्या है?"

"मांजर... बिल्ली है, साहब."

"और यह?"

"वही बिल्ली, साहब."

"और यह सौ के सौ?"

"वही. थोडी थोडी हिली है."

अधिकाऱ्यांनी पट्टी खाली ठेवली. "पिंपळखुटे, आज मजाक का दिन नहीं है. यह कौनसा कोड है?"

नीलकंठनं सगळं सांगितलं. बकरीपासून खडूच्या भुकटीपर्यंत. सांगता सांगता त्यालाच कळत होतं की हे कुणालाही खोटं वाटेल. आपल्याला धरून नेतील, शकुला शाळेत पोरं काय म्हणतील, असे विचार एकावर एक आदळत होते, आणि त्यातही एक लाजिरवाणा विचार असा की पट्टीला घामाची बोटं लागताहेत, शाई जाईल.

दुपारी जीप दीक्षितपुऱ्यात गेली. सगळी गल्ली दारात आली. शिपायांनी ट्रंक उघडली, गाद्या उलथल्या, बिस्किटांच्या डब्यातली उरलेली फिल्म ताब्यात घेतली. वसुधा भिंतीला धरून उभी होती. बापूसाहेबांनी आत जाऊन रेल्वेचा जुना काळा कोट चढवला, बटणं लावली आणि ते जीपमध्ये जाऊन बसले.

"बाबूजी, आपको नहीं बुलाया है," शिपाई म्हणाला.

"मुलगा माझा आहे," बापूसाहेब मराठीतच म्हणाले. "चलो."

फॅक्टरीत पोचल्यावर ते नीलकंठकडे पाहीनात. साहेबांसमोर ताठ उभे राहून त्यांनी हिंदीत एवढंच सांगितलं, "छत्तीस साल रेल की नौकरी की है. गद्दार मेरे घर में पैदा नहीं होगा. हुआ होगा तो मैं खुद कहूँगा कि इसे गोली मारो."

अधिकाऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली. मग थोडा विचार करून म्हणाले, "ठीक है. चलाके देखते हैं."

क्लब जवळच होता. खिडक्यांना ब्लॅकआउटचे कागद आधीच लावलेले, त्यामुळे भर दुपारी तिथं अंधार होता. विष्णूला बोलावणं गेलं. त्यानं तुकडे जोडले. खोलीत सात माणसं. साहेब, दोन शिपाई, एक कारकून, विष्णू आणि हे बापलेक. प्रोजेक्टर खडखडला. पडद्यावरच्या उजेडात आधी नुसते काळे ठिपके नाचले आणि मग ओसरी आली.

नीलकंठनंही ते हलताना कधी पाहिलं नव्हतं. रेघा थरथरत होत्या, म्हाताऱ्याचं नाक मध्येच मोठं व्हायचं, पण तो चालत होता. मांजर पाठीला बाक देऊन खुर्चीवर चढली. म्हाताऱ्यानं काठी आपटली. मांजर काठीवरूनच चढून टोपीत गेली, आणि डाव्या बाजूच्या शिपायाच्या तोंडून एकदम खॅक करून हसू फुटलं. त्यानं घाबरून तोंडावर हात ठेवला. पण टोपी आपोआप चालत रिकाम्या खुर्चीकडे निघाली तेव्हा कारकूनही हसला, विष्णू हसला, आणि साहेबांचे खांदे हलू लागले.

बापूसाहेब हसले नाहीत. ते पुढे वाकून बघत होते. म्हातारा पडला, उठला, रिकाम्या खुर्चीला पाठ लावून हात पसरून उभा राहिला. मांजर समोर बसली. दोघं एकमेकांकडे बघताहेत. आणि पडदा पांढरा झाला.

"फिर?" साहेब म्हणाले.

"अभी बना नहीं, साहब."

"मतलब? बिल्ली बैठी कि नहीं?"

"मालूम नहीं, साहब. सूझा नहीं."

"अजीब आदमी हो!" साहेब चिडले. सकाळपासून ते एवढे चिडले नव्हते. मग म्हणाले, "फिर से चलाओ."

ते तीन वेळा चाललं. दुसऱ्या वेळी साहेबांनी हळूच विचारलं, "वह दूसरी कुर्सी किसकी है?" नीलकंठ काही बोलायच्या आत अंधारातून बापूसाहेबांचा आवाज आला.

"मेरी घरवाली की."

मग कुणी हसलं नाही. मांजर टोपीत गेली तेव्हासुद्धा नाही.

हेरगिरीचा संशय तिथंच संपला, पण नियम तो नियम. परवानगीवाचून फिल्म आत आणली म्हणून नीलकंठला चौकशी पुरी होईपर्यंत घरी बसवलं. संध्याकाळी बाहेर आल्यावर जीप मिळाली नाही. बापलेक पायीच निघाले. हवेत गारठा होता. नीलकंठच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हतं.

"गल्लीत काय तोंड दाखवायचं, ते मी बघतो," फर्लांगभर गेल्यावर बापूसाहेब म्हणाले. मग, "मी एवढा ओरडत असतो का रे त्या मांजरीवर?"

"हो, बापूसाहेब."

"अच्छा." बरंच पुढे गेल्यावर ते थांबले. घड्याळ काढलं, न बघताच परत ठेवलं. "नीलू, ती मांजर बसू दे."

"काय?"

"तुझ्या त्या... त्याच्यात. बसू दे तिला. म्हातारा किती वेळ उभा राहील? थकतो ना माणूस." आणि तोंड फिरवून ते चालू लागले.

नीलकंठनं वडिलांना रडताना आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळीही नीट पाहिलं नाही. तो चार पावलं मागे राहिला.

पुढचे अठरा दिवस घरबसणीचे. नोकरी राहील की जाईल, याचा घोर. वसुधा दाराशी खुट्ट झालं की दचकायची. गल्लीतले लोक बोलताना मध्येच थांबायचे. पण उजेड भरपूर होता आणि साहेबांनी बिस्किटांचा डबा शिक्का मारून परत पाठवला होता, त्यावर स्वतःच्या हातानं लिहून, 'बिल्ली की फिल्म'. नीलकंठ रोज खिडकीशी बसायचा. लढाई संपली, गल्लीत फटाके वाजले, पेढे वाटले गेले, त्या दिवशीही तो भिंगातून वर बघत नव्हता. म्हातारा बाजूला सरकतो. मांजर चढते, तीन वेळा गोल फिरते आणि बसते. म्हातारा आपल्या खुर्चीत बसतो. काही वेळ काहीच होत नाही. मग म्हाताऱ्याचा हात हळूहळू शेजारच्या खुर्चीकडे जातो आणि मांजरीच्या पाठीवर टेकतो. ह्या हातासाठी त्यानं एकसष्ट चित्रं काढली, बावीस वेळा पुसली.

चौकशीत नोकरी वाचली. बढती एक वर्ष पुढे गेली आणि ड्रॉइंग ऑफिस सुटलं. त्याला स्टोअरमध्ये टाकलं, नटबोल्टांच्या कपाटांमध्ये. हेमचंद्र एकदा तिथं आला, उगाच एका कपाटावर बोट फिरवत उभा राहिला आणि म्हणाला, "मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं, यार." नीलकंठ म्हणाला, "सोड." पण दोघांची मैत्री काही पूर्वीसारखी झाली नाही.

बहात्तरच्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, क्लबात खेळ झाला. सुरक्षा अधिकाऱ्यांनीच परवानगी काढली होती. क्लब एवढा भरला की बायका खिडक्यांत बसल्या. वसुधा आणि काळ्या कोटातले बापूसाहेब तिसऱ्या बाकावर, शकु पुढे सतरंजीवर. नीलकंठला आत बसवेना. तो बाहेर गुलमोहराभोवती फेऱ्या घालत राहिला. आधी मुलांच्या आरोळ्या आल्या. मग मोठ्यांचं हसणं, फोर्ज शॉपच्या मिस्त्र्यांचं ते घणासारखं. मग मुलांचं एकट्याचं हसणं, मांजर गोल फिरताना. आणि मग काही नाही. नीलकंठला वाटलं, रीळ तुटलं. तो धावत दारात गेला.

रीळ तुटलं नव्हतं. हात मांजरीच्या पाठीवर होता. दाराजवळ सत्यवतीबाई उभ्या होत्या. फॅक्टरीतल्या एका फिटरची आई, आणि त्यांचा धाकटा मुलगा लढाईतून परत आला नव्हता. त्यांनी नीलकंठला ओळखलं नाही. त्याचा हात धरून त्या म्हणाल्या, "देखो बेटा, बिठा लिया उसको." पुढे सतरंजीवरून शकु ओरडली, "जिंकली! मांजर जिंकली!"

विष्णूनं ते दुसऱ्यांदा लावलं.

ती फिल्म दोन महिने फिरली, रेल्वेच्या संस्थेत, दोन शाळांत, जबलपूरजवळच्या पाटणला मंडईच्या आवारात पडद्याऐवजी पांढरं धोतर बांधून. प्रत्येक खेळाला थोडी शाई झडायची. मार्चमध्ये परत आली तेव्हा म्हाताऱ्याचं डोकं गेलं होतं आणि मांजरीचा नुसता काळा डाग उरला होता. विष्णू हात जोडून उभा राहिला. "भैया, मुझे माफ करो."

नीलकंठ रात्रभर तळमळला असेल असं वसुधाला वाटलं, पण सकाळी तो नवी पट्टी घासत बसलेला दिसला. "पुन्हा?" ती म्हणाली. "चौदाशे?"

"चौदाशे चाळीस," तो म्हणाला. "आणि ह्या वेळी गुडघा बरोबर काढतो."

त्याच्या हाताला आता ऑफिसात रेघ ओढायला मिळत नव्हती, म्हणून असेल, घरी तो जास्तच झपाटला. फरक एवढाच की आता लपवाछपवी नव्हती. रविवारी सकाळी बापूसाहेब ओसरीवर समोर बसायचे, टोपी घालून, काठी हातात. त्यांना फार सूचना असत. टोपी अशी कलती नसते. कोटाला तिसरं बटण असतं. मांजरीचे कान मोठे झालेत. शकु भिंग घेऊन चौकोन मोजायची. वसुधा चहा ठेवून जाताना दोन घटका थांबायची आणि एकदा तर हसलीही.

"बापूसाहेब, हलू नका जरा," नीलकंठ त्रासून म्हणाला.

"मी कुठे हलून राहिलो?" म्हातारा गुरगुरला. "तूच मला हलवून राहिला."